खिडकी, लिपी आणि झाकलेली ओळ

अमरावतीच्या परकोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या व्यापारपेठेचे रक्षण व्हावे म्हणून हा कोट उभा राहिला. पटेल खिडकी, छत्रपुरी खिडकी, खुनारी खिडकी, माताखिडकी ही नावे आजही ऑटोवाल्याला पत्ता म्हणून सांगता येतात. बाहेरगावच्या पाहुण्याला त्यांचे नवल वाटते. त्याच्या मनातील खिडकी ही उजेडावाऱ्यासाठी भिंतीत सोडलेली, गज बसवलेली जागा असते. आमच्या गावची खिडकी ही वाट आहे. मोठ्या दरवाजाच्या मानाने लहान, पायी माणसाने ये-जा करावी अशी.

संगणकाच्या पडद्यावरील 'विंडो'ला मराठीत कोणी 'चौकट' म्हटले, कोणी 'पटल', कोणी सरळ 'खिडकी'. व्यवहारात विंडो तसाच राहिला. आम्हांस विचाराल तर 'खिडकी' हा शब्द बरोबर आहे, मात्र तो परकोटातल्या अर्थाने. पडद्यावरच्या खिडकीतून आपण केवळ पाहत नाही, तिच्यातून आत शिरून काम करतो. आणि परकोटाच्या खिडक्यांपेक्षा एक गोष्ट तिच्यात अधिक आहे: ती लहानमोठी करता येते, सरकवता येते, दुसरीवर ठेवता येते. ही सरकवासरकव कोणी करायची, यंत्राने, वापरणाऱ्याच्या हाताने की आगाऊ लिहून ठेवलेल्या शब्दांनी, या प्रश्नाला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष का घालावे, हे आम्हांला एका हरवलेल्या ओळीने शिकवले. त्या ओळीकडे येण्याआधी थोडा मागचा वृत्तांत सांगणे भाग आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जे प्रात्यक्षिक केले, ते माउसच्या पहिल्या जाहीर दर्शनासाठी प्रसिद्ध आहे. तिथे पडद्याचे भाग पाडून एकाच वेळी दोन गोष्टी दाखवल्या गेल्या. आज ज्याला आपण खिडकी म्हणतो ती मात्र १९७० मध्ये स्थापन झालेल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात घडली. तिथला 'आल्टो' हा संगणक १९७३ चा. त्याचा पडदा उभा होता, ६०६ ठिपके रुंद आणि ८०८ ठिपके उंच. कागदाच्या उभ्या पानासारखा. पडद्याची कल्पना पानावरून आली, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अॅलन के यांची अडचण अशी होती की पान एकच आणि कामे अनेक. त्यावर त्यांनी टेबलावरच्या कागदांचा दाखला घेतला: कागद एकमेकांवर अर्धवट ठेवलेले असतात, हवा तो वर ओढावा, बाकीचे खाली राहू द्यावेत. लहान जागेत मोठे टेबल भासवण्याची ही युक्ती होती. डॅन इंगल्स यांनी पडद्यावरील ठिपक्यांचे गठ्ठे झपाट्याने हलवण्याची रीत शोधली आणि एकावर एक चढणाऱ्या खिडक्या व्यवहारात आल्या.

याच केंद्रातील अनुभवातून पुढे १९८१ मध्ये झेरॉक्सचा 'स्टार' हा कार्यालयीन संगणक बाजारात आला. त्याच्या रचनाकारांनी पाहिले होते की आल्टोवर काम करणारे लोक खिडक्या नीट लावण्यात पुष्कळ वेळ घालवतात, आणि बहुतेकदा ही लावालाव खिडक्या एकमेकींवर येऊ नयेत यासाठीच असते. म्हणून स्टारमध्ये त्यांनी कामाच्या खिडक्यांना एकमेकींवर चढण्याची मुभाच ठेवली नाही. त्या फरशीसारख्या शेजारी शेजारी बसत. पुढे लोकांना ती बंदी जाचू लागली आणि तीही सैल करावी लागली. म्हणजे स्वातंत्र्य दिले तर माणूस आवराआवरीत वेळ घालवतो आणि शिस्त लावली तर त्याला कोंडल्यासारखे होते. हा पेच आजतागायत सुटलेला नाही.

इथे एक कथा सांगण्याचा मोह आवरत नाही. १९७९ मध्ये अॅपल कंपनीची मंडळी झेरॉक्सच्या केंद्रात पाहणीसाठी गेली. त्यांतील बिल अॅटकिन्सन यांनी परत आल्यावर अशा खिडक्या स्वतः रचायला घेतल्या. मागच्या, अर्धवट झाकल्या गेलेल्या खिडकीचा जेवढा भाग दिसतो तेवढाच नेमका रंगवायचा, हे काम अवघड होते. परंतु झेरॉक्सच्या लोकांनी ते साधले आहे, आपण डोळ्यांनी पाहिले आहे, अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी नेटाने ते सोडवले. पुढे कळले की झेरॉक्सच्या लोकांनी ते तसे साधलेलेच नव्हते. चुकीच्या स्मरणातून निर्माण झालेला हा नवा पाठ १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये जगभर गेला. हस्तलिखितांच्या जगात वावरणाऱ्यांना ही गोष्ट फार अनोळखी वाटू नये.

मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज नोव्हेंबर १९८५ मध्ये आली तेव्हा तिच्यातील मुख्य खिडक्या स्टारप्रमाणे शेजारी शेजारी बसणाऱ्या होत्या. हे अॅपलच्या धाकाने झाले असे सर्रास सांगितले जाते. आम्हांस ते अर्धेच पटते. त्या गटाचे प्रमुख स्कॉट मॅकग्रेगर हे झेरॉक्सच्या केंद्रातूनच आलेले होते आणि तिथल्या 'सीडर' या प्रणालीत खिडक्यांची फरसबंदीच होती. १९८७ च्या अखेरीस दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या आणि मार्च १९८८ मध्ये अॅपलने दावा लावला. अॅपलने मांडलेल्या १८९ मुद्द्यांपैकी १७९ मुद्दे दोन्ही कंपन्यांत पूर्वीच झालेल्या परवान्यात बसतात, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांवर कोणाला मालकी सांगता येत नाही, असा निकाल झाला. १९९४ मध्ये अपिलातही तो टिकला. त्यानंतर पडद्यावर कागद पसरल्याचा देखावा सर्वांचाच झाला, आणि तो आवरण्याचे कामही.

आता 'स्क्रिप्ट'विषयी. मराठीच्या वर्गात या एका इंग्रजी शब्दासाठी आपल्याला निदान दोन शब्द लागतात. अक्षरचिन्हांची व्यवस्था ती लिपी. नटाने काय बोलावे, कोठून यावे, कोठे उभे राहावे हे लिहून ठेवलेले असते ती संहिता. संगणकाची स्क्रिप्ट दुसऱ्या अर्थाची. ती खिडकीला सांगते: तू इथे उभी राहा, इतकी जागा घे, तुझ्यामागून अमुक येईल. तिला 'आज्ञावली' म्हणण्याची पद्धत आहे, पण आज्ञावली कोणताही प्रोग्राम असतो. स्क्रिप्ट त्याहून लहान, स्वतःपुरती, बहुधा वापरणाऱ्यानेच लिहिलेली.

मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत १९८४ मध्ये बॉब शिफलर व जिम गेटिस यांच्या हातून 'एक्स विंडो' ही प्रणाली सुरू झाली. तिच्या कर्त्यांनी एक निर्णय जाणूनबुजून घेतला: खिडकी काढण्याची सोय प्रणाली करील, पण खिडक्या कशा मांडाव्यात हे तिने ठरवू नये, ते काम 'विंडो मॅनेजर' नावाच्या वेगळ्या प्रोग्रामने करावे आणि तो ज्याने त्याने आपल्या आवडीचा निवडावा. शिवाय एखादा प्रोग्राम सुरू करतानाच त्याच्या नावापुढे 'जॉमेट्री', म्हणजे भूमिती, लिहिण्याची सोय होती: आधी रुंदी, मग उंची, मग डावीकडून किती दूर, मग वरून किती खाली. अशा चार ओळी एका फाइलीत लिहिल्या की सकाळी यंत्र चालू करताच चार खिडक्या आपापल्या जागी उघडत. मांडणी अशी लेखनात आली. पुढे उघड्या असलेल्या खिडक्यांनाही हलवणारी 'डब्ल्यूएमकंट्रोल' आणि 'एक्सडूटूल' ही साधने लिनक्सवाल्यांच्या हाती आली.

अॅपलच्या गोटातील हकीकत भाषेच्या अभ्यासकाला अधिक रुचेल. १९९३ मध्ये आलेली 'अॅपलस्क्रिप्ट' इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी असा तिच्या कर्त्यांचा आग्रह होता. सर्वांत पुढच्या खिडकीच्या सीमा अमुक करा, असे जवळजवळ बोलल्यासारखे लिहायचे आणि पुढे चार आकडे द्यायचे: डावी कड, वरची कड, उजवी कड, खालची कड. तिच्या इंग्रजीखेरीज फ्रेंच आणि जपानी बोलीही काढल्या होत्या. तोच मजकूर ज्याच्या त्याच्या भाषेत दिसावा. त्या दोन्ही पुढे बंद पडल्या, इंग्रजी तेवढी उरली. भारतीय भाषेपर्यंत तर गोष्ट आलीच नाही.

विंडोजवर तिसऱ्या आवृत्तीच्या काळात 'रेकॉर्डर' नावाचा एक प्रोग्राम मिळे. तो हाताच्या हालचाली टिपून ठेवी आणि पुन्हा करून दाखवी. पाठांतर म्हणावे तसे. मधला एक शब्द विसरला की पुढचे सगळे गडगडायचे. लेखी साधने आली ती बाहेरच्यांकडून. जोनाथन बेनेट यांचे 'ऑटोइट' १९९९ चे, आणि ख्रिस मॅलेट यांचे 'ऑटोहॉटकी' २००३ चे. दोन्ही विनामूल्य. आमच्या वाट्याला दुसरे आले.

२००७ चा सुमार. आम्ही दोघे नुकतेच एम.ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवत होतो, एक अमरावतीला, दुसरा अकोल्याला. एका खासगी संग्रहातील लीळाचरित्राच्या उत्तरार्धाच्या काही पानांची छायाचित्रे आमच्या हाती आली होती. पाने सकळ लिपीत होती. ज्या विद्यार्थ्यांचा या लिपीशी परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो: महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत राखले, त्यांत सकळ लिपी सर्वांत प्रचलित, तिचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. तिच्यात एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह येते, म्हणून वाचणाऱ्याजवळ अक्षरांची किल्ली असावी लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांपर्यंत ही किल्ली पोचली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच बदलला. आमच्या जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्या वाङ्मयाचे जन्मस्थान. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या तेराव्या शतकाच्या अखेरीस, याच परिसरात राहून.

काम साधे होते: छायाचित्रातील ओळ वाचायची, किल्लीशी ताडायची, देवनागरीत टंकायची, आणि झालेला पाठ वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या, १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने प्रसिद्ध केलेल्या प्रतीशी मिळवून पाहायचा. कोलत्यांची प्रत टेबलावर उघडी, आणि पडद्यावर तीन खिडक्या: वर छायाचित्र, खाली टंकनाची फाइल, कडेला किल्ली. पडदा जुना, काचेचा, १०२४ ठिपके रुंद आणि ७६८ उंच. तीन खिडक्यांना तो पुरत नसे. हाताने ओढूनताणून त्या बसवल्या तरी खालच्या खिडकीची कड वरच्या छायाचित्रावर जरा चढेच.

त्यात भारनियमन. त्या वर्षांत वऱ्हाडात वीज किती वाजता जाणार याचे वेळापत्रक वर्तमानपत्रात येई, आणि वेळापत्रकाबाहेरही ती जाई. बॅटरीवर दहा मिनिटे मिळत. तेवढ्यात फाइल जतन करायची आणि यंत्र बंद करायचे. वीज आली की तिन्ही खिडक्या पुन्हा उघडायच्या, पुन्हा ओढायच्या. दिवसातून दोनतीन वेळा हे व्हायचे आणि दर वेळी मांडणी थोडी निराळी व्हायची.

अशाच एका दुपारी एक ओळ गेली. छायाचित्राची शेवटची ओळ खालच्या खिडकीच्या पट्टीखाली पूर्ण झाकली होती. तिच्या आधीची ओळ ज्या शब्दाने सुरू होत होती, नेमक्या त्याच नित्याच्या शब्दाने पुढच्या पानाची पहिली ओळही सुरू होत होती. वाक्य बेमालूम जुळले. तीन आठवड्यांनी अकोल्यात छापील प्रतीशी ताडताना कोलत्यांच्या पाठात एक वाक्य अधिक दिसले. आम्ही हरखलो! आपल्या पोथीत हे वाक्य नाही, म्हणजे ती वेगळ्या परंपरेतील असणार. या तथाकथित पाठभेदावर दोन पानांचे टिपणही लिहून झाले. ते छापायला पाठवण्यापूर्वी मूळ छायाचित्र पुन्हा उघडावे अशी बुद्धी झाली, म्हणून आज हे हसून सांगता येते.

लीळाचरित्राच्या बाबतीत ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंपरा सांगते की मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली आणि मग हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणावरून तिचे पाठ पुन्हा सिद्ध झाले. त्यामुळे या ग्रंथाला एक पाठ नाही, पाठांचे कुळ आहे. पुढच्या लेखकांनी ते लपवलेही नाही. 'वासना', 'शोधु' अशा खुणा करून दुसऱ्या परंपरेत काय येते हे ते मजकुराच्या ओघातच नोंदवतात. आधुनिक संपादक तेच तळटीपेत नेतो. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे, दोन्ही पाठ एकाच वेळी उघडे राहतात. कोणी कोणाला झाकत नाही. अशा ग्रंथात नसलेला पाठभेद निर्माण करणे म्हणजे नसलेल्या एका शिष्याची आठवण निर्माण करणे. जुन्या लेखकाचा डोळा सारख्या शब्दावरून घसरला की ओळ गळायची, हे आपण विद्यार्थ्यांना पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला शिकवतो. आमचा डोळा घसरला नव्हता. त्याला ओळ दिसलीच नव्हती. पडद्यावर काम करणाऱ्या संपादकाच्या चुकांत हा प्रकार वेगळा नोंदवावा लागेल, असे आमचे मत आहे.

हे गाऱ्हाणे ऐकून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला स्क्रिप्ट लिहून दिली. इनमिन सहा ओळी. 'विनमूव्ह' ही आज्ञा, पुढे खिडकीचे शीर्षक, पुढे चार आकडे: डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची. मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि खाली वाढते, भूमितीच्या वहीसारखी वर नव्हे. मराठी लिहिणाऱ्याच्या हातासारखी म्हणा ना. तळच्या पट्टीचे तीस ठिपके वजा केले की उंची उरते ७३८, तिचे अर्धे ३६९. तेव्हा छायाचित्र शून्य, शून्य, ८२४, ३६९. टंकनाची खिडकी शून्य, ३६९, ८२४, ३६९. किल्ली ८२४, शून्य, २००, ७३८. एक खिडकी जिथे संपते त्याच आकड्यावर दुसरी सुरू होते. झाकायला ठिपकाभरही जागा नाही. वीज आली, फाइली उघडल्या, दोन कळा एकदम दाबल्या की तिन्ही खिडक्या जागच्या जागी. हस्तलिखितात अक्षरे लिहिण्याआधी पानावर ओळी आखून घेतात, तसे हे आखणे होते. आणि एकदा लिहिले की हात बदलला तरी आखणी बदलत नव्हती.

तीच स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घालून बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला नेली. तिथे ती चालवली आणि किल्लीची खिडकी नाहीशी झाली. तळच्या पट्टीवर तिचे नाव दिसे, पडद्यावर ती कुठेच नसे. तासभर शोधल्यावर उलगडा झाला: अकोल्याचा पडदा ८०० ठिपके रुंद. किल्लीला तर ८२४ व्या ठिपक्यावर उभे राहायला सांगितले होते. बिचारी आज्ञेप्रमाणे पडद्याच्या चोवीस ठिपके पलीकडे, अंधारात उभी होती. टंकनाच्या खिडकीचा तळही पडद्याखाली उतरला होता.

अकोल्यात आकडे बदलले गेले. काही महिन्यांत त्या सहा ओळींच्या दोन परंपरा झाल्या, एक अमरावतीपाठ आणि एक अकोलापाठ, आणि पेनड्राइव्हवर कोणता आहे याचा घोळ होऊ लागला. ऑटोहॉटकीत अर्धविरामानंतरचे शब्द यंत्र वाचत नाही. ते माणसासाठी असतात. आम्ही तिथे समासातल्या टिपणासारखे लिहू लागलो: हे आकडे अकोल्याचे, हे अमरावतीचे, अमुक तारखेला बदलले, आधी काय होते. पुढे विद्यार्थ्याने सुचवले की आकडे लिहूच नका. पडद्याची रुंदी यंत्रालाच विचारा आणि तिचे चार पंचमांश छायाचित्राला, एक पंचमांश किल्लीला द्या. मग १०२४ असो वा ८००, मांडणी तीच राहू लागली. ठराविक आकड्यांची जागा प्रमाणाने घेतली आणि दोन पाठांचा पुन्हा एक झाला. आम्हांला, खरे सांगायचे तर, थोडी चुटपुट लागली.

एक अडचण मात्र आकड्यांची नव्हती. स्क्रिप्ट खिडकीला शीर्षकावरून ओळखते. शीर्षकाची सुरुवात जुळली पाहिजे. आमच्या फाइलीचे नाव देवनागरीत 'लीळा' असे होते. विंडोज एक्सपीला सीडीवरून जास्तीची सोय बसवली की ती देवनागरी दाखवी, फाइलीला तसे नावही देऊ देई. पण तेव्हाच्या ऑटोहॉटकीला युनिकोड कळत नव्हते. स्क्रिप्टमध्ये 'लीळा' लिहून जतन केले की पुन्हा उघडल्यावर तिथे चार प्रश्नचिन्हे उभी असत: एक 'ल'चे, एक दीर्घ वेलांटीचे, एक 'ळ'चे, एक कान्याचे. स्क्रिप्ट प्रश्नचिन्हे नावाची खिडकी शोधी आणि ती अर्थातच सापडत नसे. शेवटी सगळ्या फाइलींची नावे रोमन अक्षरांत बदलली. आत तेराव्या शतकाची मराठी, दारावरची पाटी रोमन! विंडोजला मराठी आवरण चढवलेल्या यंत्रांवर याच्या उलट व्हायचे. इंग्रजी शीर्षक गृहीत धरून लिहिलेल्या इतरांच्या स्क्रिप्ट तिथे आंधळ्या होत.

२०१० च्या आसपास ऑटोहॉटकीची युनिकोड जाणणारी शाखा आली आणि तीच पुढे मुख्य झाली. तरी बरीच वर्षे स्क्रिप्टची फाइल जतन करताना तिच्या आरंभी एक अदृश्य खूण असावी लागे. नसली की देवनागरीचा चिवडा. दुसऱ्या आवृत्तीत तो जाच गेला. ज्या पोथीची लिपी जाणून लपवली होती ती आम्ही किल्लीने वाचली, आणि ज्या लिपीत कोट्यवधी लोक उघडपणे लिहितात ती त्या छोट्या साधनाला सात वर्षे वाचता येत नव्हती. दोष कोणाचा म्हणावा? ते साधन एका माणसाने फावल्या वेळात लिहून फुकट वाटलेले. पण संगणकावर मराठी आणण्याच्या चर्चेत आपण टंक, कळफलक आणि परिभाषा यांच्यापलीकडे क्वचित गेलो, आणि अशा आडबाजूच्या ठिकाणी भाषा किती वेळा अडते याची नोंद कोणी ठेवली नाही, असे आम्हांस वाटते.

त्यानंतरचे थोडक्यात. २००९ च्या विंडोज ७ मध्ये खिडकी कडेला ओढली की ती अर्धा पडदा व्यापू लागली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तयार मांडण्यांतून निवड करता येऊ लागली. अॅपलने ही सोय मॅकमध्ये २०२४ मध्ये दिली. स्टारच्या रचनाकारांनी पाहिलेली गोष्ट अशी चाळीस वर्षांनी सर्वांच्या हातात आली. सोयीची आहे, आम्हीही वापरतो. अर्धा, पाव, तिसरा हिस्सा तिच्यात सहज मिळतो; आपल्या कामाला हव्या त्या मापाची खिडकी हवी तर मात्र आजही लिहावे लागते. लिहिलेलेही नेहमी जसेच्या तसे उतरत नाही. विंडोज १० पासून खिडकीला न दिसणारी कड असते, सातेक ठिपक्यांची; जुन्या आकड्यांनी मांडलेल्या खिडक्यांत म्हणून फट दिसते. लिनक्सच्या जगात एक्सची जागा घेत असलेल्या 'वेलँड' या नव्या व्यवस्थेत तर एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीला हात लावण्याचीच मनाई आहे, इतकेच काय, आपली खिडकी पडद्यावर नेमकी कोठे असावी हेही त्याला सहसा सांगता येत नाही. कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते खोटे नाही: जी स्क्रिप्ट खिडकी हलवते ती तिच्यात डोकावूही शकते. मांडणीचा अधिकार पुन्हा मध्यवर्ती व्यवस्थेकडे गेला. 'एक्सडूटूल'वर विसंबलेल्यांच्या जुन्या ओळी तिथे निरुपयोगी झाल्या.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. २०२४ पासून तिथे वर्ग सुरू झाले. पोथ्यांची छायाचित्रे घेऊन पडद्यावर पाठ ताडणारी मुले यापुढे वाढतील. आमच्याकडे कोणी विद्यार्थी या कामासाठी आला की आम्ही त्याला सकळ लिपीची किल्ली देतो, त्या सहा ओळी देतो, आणि छायाचित्राची खालची कड ओळ संपल्यावर निदान बोटभर कोरी दिसली पाहिजे, ती दिसल्याशिवाय टंकायला बसू नये, एवढे सांगतो. ओळींपुढे अर्धविराम देऊन लिहिलेली २००७ ची टिपणे त्या फाइलीत अजून तशीच आहेत. अकोल्याचे आकडे, अमरावतीचे आकडे. दोन्ही काचेचे पडदे केव्हाच भंगारात गेले. कोलत्यांची प्रत मात्र टेबलावर असते, आणि तिच्यातल्या चालू ओळीखाली लाकडी फूटपट्टी.